मामा तलावातले सूक्ष्म प्राणी आणि त्यांचे ऋतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी धानाच्या ओलितासाठी बांधलेले हे तलाव आज सगळे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखतात. त्यांच्यापेक्षा लहान त्या बोड्या. यातले बहुतेक तलाव उथळ आहेत. पावसाळ्यात भरतात, धानाला पाणी देता देता उतरतात आणि अनेक जागी मे महिन्यात तळ उघडा पडतो. अशा पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांबद्दल विद्यार्थी, शिक्षक, ढीवर बांधव आणि मत्स्यसंस्थांचे सभासद जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

सूक्ष्म प्राणी म्हणजे नेमके कोण?

पाण्यात तरंगणाऱ्या, प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात. आपल्या तलावांसाठी चार गट ओळखता आले तरी पुष्कळ काम होते.

सर्वांत लहान रोटिफर. बहुतेक ०.१ ते ०.५ मिलिमीटर. तोंडाभोवती बारीक तंतूंची वलये असतात. ती अशा लयीत हलतात की फिरल्याचा भास होतो, आणि त्या भोवऱ्यातून शैवालाचे कण आत ओढले जातात. ब्रॅकिओनस, केरॅटेला, फिलिनिया, ॲस्प्लांक्ना ही यांतली नेहमी भेटणारी नावे. दुसरा गट जलपिसवांचा : मॉइना, सिरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा, डॅफ्निया. शरीर पारदर्शक असल्यामुळे हृदयाची धडधड आणि पाठीकडच्या कप्प्यातली पिले बाहेरूनच दिसतात. तिसरा गट कोपेपॉडांचा. त्यात सायक्लॉप्स आणि लांब मिशांचे डायप्टोमस येतात. चौथा ऑस्ट्रॅकॉडांचा, दोन झडपांच्या कवचात राहणारा आणि तळाशी रमणारा. एकपेशीय प्रोटोझोआही असतात, पण ते नेहमीच्या जाळीतून निसटतात आणि त्यांची पद्धत वेगळी, म्हणून इथे घेतलेले नाहीत.

ऋतूंचा हिशोब समजायचा तर यांच्या आयुष्याची लांबी आधी लक्षात घ्यावी लागते. २५ ते ३० अंश सेल्सिअस पाण्यात आणि खाणे भरपूर असेल तर रोटिफरची पिढी दोन-तीन दिवसांत पुढे सरकते. मॉइना आठवड्याच्या आत पिले देऊ लागते. कोपेपॉडाला मात्र अंड्यातून बाहेर आल्यावर नॉप्लियस या अळीच्या सहा आणि कोपेपोडिड या अर्धवट वाढलेल्या रूपाच्या पाच अवस्था पार करून प्रौढ व्हायचे असते. त्याला दोन-तीन आठवडे किंवा जास्तही लागतात. पाणी कुठे किती दिवस थांबते यावरून कोण टिकेल हे ठरते, ते या फरकामुळे.

ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात का?

जलपिसवा आणि सायक्लॉप्स दिसतात. काचेच्या पेल्यात तलावाचे पाणी घ्या आणि उजेडाच्या आड धरा. झटके देत वर उठणारे ठिपके म्हणजे जलपिसवा, एकदम सरळ उडी मारणारे सायक्लॉप्स. रोटिफरसाठी सूक्ष्मदर्शक हवाच.

वर्षभरात त्यांच्यात काय बदल होतात?

वर्ष जानेवारीपासून मोजू नका, पहिल्या पावसापासून मोजा.

जूनमध्ये तडकलेला तळ भिजतो तेव्हा गाळात पडून असलेली अंडी काही दिवसांतच फुटू लागतात. पाणी गुडघाभरसुद्धा नसते, पण त्यात शेणखताचा, कुजलेल्या गवताचा आणि वाहून आलेल्या मातीचा कस असतो. जिवाणू आणि बारीक शैवाल झपाट्याने वाढतात. पाठोपाठ रोटिफर वाढतात, मग मॉइना. अर्धवट वाढलेल्या अवस्थेत चिखलात निपचित पडलेले सायक्लॉप्सही जागे होतात. त्यांचे बरेचसे वाढणे आधीच झालेले असल्यामुळे ते लवकर प्रौढ होतात. या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तलावात जे घडते ते वर्षातले सर्वांत वेगवान असते, आणि नेमके तेव्हाच कोणी नमुने घ्यायला जात नाही. महाविद्यालये उघडायची असतात, पायवाटा चिखलाच्या झालेल्या असतात. आपल्या भागातल्या नोंदींमधली ही मोठी उणीव आहे असे मला मनापासून वाटते.

जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते, तलाव भरतो, सांडवा वाहू लागतो आणि संख्या एकदम खाली येते. पाणी वाढल्यामुळे तेवढेच प्राणी जास्त पाण्यात पसरतात. सांडव्यावरून पाण्याबरोबर प्राणीही वाहून जातात, आणि ज्याची पिढी तयार व्हायला तीन आठवडे लागतात त्याला ही गळती भरून काढता येत नाही. शिवाय पाणी गढूळ असते. जलपिसवा पाणी गाळून खातात. त्यांच्या चाळणीत मातीचे कण अडकले की पोट भरते, पण पोषण मिळत नाही. गढूळपणामुळे उजेड आत शिरत नाही, म्हणून शैवालही कमी. भारतातल्या मैदानी तलावांचे जे अभ्यास झाले आहेत त्यांतल्या बहुतेकांत प्राणिप्लवकांचा नीचांक पावसाळ्यातला आहे.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो. माती खाली बसते, पाणी निवळते. पण मामा तलावाची एक वेगळी गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. धान निसवण्याच्या सुमारास पावसाने ताण दिला की तुमाचे, म्हणजे तलावातून शेताकडे पाणी सोडायच्या दाराचे, पाणी सोडले जाते. त्यामुळे ऑक्टोबरात पातळी उतरते ती उन्हाने नव्हे, ओलिताने. काठचा पट्टा उघडा पडतो, पाणवनस्पतींची जागा बदलते, आणि तुमातून पुष्कळ प्राणी शेतात जातात. धानाच्या बांधीत मॉइना आणि ऑस्ट्रॅकॉडांचे थवे दिसतात, त्यातले काही असे तलावातून आलेले असतात, काही बांधीच्याच मातीतून उठलेले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विविधतेचा काळ. पाणी गार आणि स्वच्छ, पाणवनस्पती भरात. खुल्या पाण्यात डायफॅनोसोमा आणि डायप्टोमस, वनस्पतींच्या दांड्यांमधून कायडोरससारख्या लहान गोल जलपिसवा. डॅफ्निया दिसायची असेल तर याच दिवसांत दिसते. एकूण संख्या फार नसेल, पण जाती सर्वांत जास्त मिळतात.

मार्चपासून तलाव आकसतो. पाणी तिशीच्या वर तापते, शैवाल दाटते, अनेक ठिकाणी निळ्या-हिरव्या मायक्रोसिस्टिसची साय धरते. रोटिफर, विशेषतः ब्रॅकिओनसच्या जाती, इतरांना मागे टाकतात. सायक्लॉप्स आणि त्यांचे नॉप्लियस सोबत असतात. लिटरमागे मोजणी केली तर वर्षातला उच्चांक बहुधा इथे येतो. त्यानंतर डबकी उरतात, आणि मग चिखल.

पुस्तकात लिहिले आहे की वसंतात डॅफ्निया वाढते आणि पाणी काचेसारखे स्वच्छ होते. आमच्या तलावात असे का होत नाही?

कारण ते वर्णन युरोपातल्या समशीतोष्ण सरोवरांचे आहे. प्लवक परिस्थितिकी गट या नावाने काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये तिथल्या वर्षाचा क्रम २४ विधानांत मांडला. हिवाळ्यात उजेड कमी आणि थंडी, म्हणून सारे शांत. वसंतात शैवाल वाढते, मागोमाग मोठ्या डॅफ्निया वाढून ते खाऊन टाकतात आणि काही आठवडे पाणी नितळ होते. मग खाणे संपल्याने आणि माशांच्या पिलांमुळे डॅफ्निया घटतात. मांडणी उत्तम आहे, तिथल्यासाठी.

आपल्याकडे बारमाही उजेड आहे आणि थंडीने काम बंद पडावे इतकी थंडी नाही. इथले वर्ष पाण्याच्या पातळीवर चालते : भरणे, वाहणे, निवळणे, आटणे. मोठ्या डॅफ्निया उन्हाळ्याच्या पाण्यात तग धरत नाहीत, आणि उष्ण प्रदेशातल्या माशांची वीण लांबत जाते म्हणून त्यांना खाणारी पिले जवळपास वर्षभर असतात. त्यामुळे आपले प्राणिप्लवक एकूणच आकाराने लहान. प्रकल्प-अहवालात तापमानाचा आलेख काढून त्याला प्राण्यांची संख्या जोडणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. माझे सांगणे एवढेच की त्या आलेखात पाण्याची पातळी आणि सांडवा वाहिल्याच्या तारखा आधी घाला.

तलाव उथळ असल्याने असा काय फरक पडतो?

खोल जलाशयात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार असे पाण्याचे थर बनतात. प्राणी दिवसा खालच्या अंधारात उतरतात आणि रात्री वर येतात, म्हणजे माशांच्या नजरेतून सुटतात. दीड-दोन मीटर पाण्यात ही सोय नाही. वारा सुटला की तळापर्यंत ढवळते, थर टिकत नाहीत. लपायला जागा एकच, पाणवनस्पती. म्हणून उथळ तलावात प्राणी वर-खाली जाण्यापेक्षा काठाकडे आणि वनस्पतींत आडवे सरकतात. वनस्पती सरसकट उपटल्या की हा आसरा जातो आणि जलपिसवा माशांच्या पुढ्यात उघड्या पडतात. जलपर्णी आणि बेशरमाची झुडपे काढायलाच हवीत, पण बुडालेल्या देशी वनस्पतींचे पट्टे राखावेत.

उन्हाळ्यात लिटरमागे संख्या सर्वाधिक येते. म्हणजे उन्हाळा त्यांना मानवतो का?

काही रोटिफरांना मानवतो. पण आकडा वाचताना चूक होते. समजा जानेवारी ते मे या काळात तलावातले पाणी पाचवा हिस्सा उरले आणि लिटरमागे संख्या तिप्पट झाली. मग तलावातले एकूण प्राणी तीन पंचमांश उरले, म्हणजे घटले. अहवालात मात्र ‘उन्हाळ्यात तिप्पट वाढ’ असे छापले जाते. पाण्याचे अंदाजे आकारमान लिहिल्याशिवाय ऋतूंची तुलना करू नये.

दाट शैवालाचाही परिणाम असतो. मायक्रोसिस्टिसचे गोळे मोठ्या जलपिसवांच्या चाळणीत अडकतात आणि त्यांचे खाणे बंद पाडतात. लहान रोटिफर मधल्या जिवाणूंवर आणि बारीक कणांवर भागवतात. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी होतो, तेव्हाही टिकून राहणारे हेच.

तलाव आटला की सगळे मरतात का?

पोहणारे मरतात. वंश गाळात राहतो. या सगळ्या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण तलावाबद्दलचे बरेच चुकीचे निर्णय ती माहीत नसल्यामुळे होतात.

रोटिफर आणि जलपिसवा यांच्यात चांगल्या दिवसांत फक्त माद्या असतात. नराशिवाय अंडी, त्यातून पुन्हा माद्या. त्यामुळेच त्यांची संख्या इतक्या वेगाने चढते. पाणी आकसू लागले, गर्दी झाली, खाणे तुटले की माद्या वेगळ्या वाटेला लागतात. नर जन्मतात, मीलन होते आणि जाड कवचाची टिकाऊ अंडी तयार होतात. डॅफ्निया आणि मॉइनामध्ये ही अंडी आईच्या पाठीवरच्या गडद कवचात बसतात. घोड्याच्या खोगिरासारखे दिसणारे हे कवच कात टाकताना सुटून तळाशी जाते किंवा तरंगत काठाला लागते. मार्च-एप्रिलमध्ये काठाच्या फेसात भिंगाने पाहिले तर काळपट ठिपक्यांसारखी ही कवचे सापडतात. डायप्टोमसही टिकाऊ अंडी घालतो. सायक्लॉप्सची रीत निराळी : तो अंड्यांवर भिस्त न ठेवता स्वतःच कोपेपोडिड अवस्थेत ओल्या गाळात शिरून वाढ थांबवतो. डेलॉइड या गटातले रोटिफर तर प्रौढ असतानाच सुकून पडतात आणि पाणी मिळाले की पुन्हा हालचाल करू लागतात.

ही अंडी किती काळ टिकतात? अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका तळ्याच्या गाळातून काढलेली कोपेपॉडांची ३०० वर्षांहून जुनी अंडी फुटल्याची नोंद १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतला सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचा डेलॉइड रोटिफर जिवंत झाल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. ती थंड देशांतली उदाहरणे आहेत. आपल्या तापलेल्या गाळाकडून तेवढ्या आयुष्याची अपेक्षा करू नये, पण एखाद-दुसरे कोरडे वर्ष काढण्यापुरता साठा गाळात असतोच. सगळी अंडी पहिल्याच पावसात फुटत नाहीत, काही मागे थांबतात. पहिला पाऊस फसवा निघाला, पंधरा दिवस उघडीप पडली आणि डबके सुकले, तरी दुसऱ्या पावसासाठी अंडी शिल्लक असतात. ज्या मुलखात मृगाचा भरवसा नसतो तिथे ही सोय किती मोलाची आहे हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

एकाच जातीचा प्राणी वेगवेगळ्या महिन्यांत वेगळा का दिसतो?

ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस ही जात घ्या. ॲस्प्लांक्ना हा मोठा रोटिफर तिला खातो. पाण्यात ॲस्प्लांक्ना असला की त्याच्या शरीरातून सुटणारी रसायने ब्रॅकिओनसच्या अंड्यांवर परिणाम करतात आणि पुढच्या पिढीत लांब काटे येतात. काटेरी प्राणी ॲस्प्लांक्नाच्या घशात अडकतो. शत्रू गेला की काटे पुन्हा आखूड होतात. केरॅटेला ट्रॉपिकाचे मागचे काटेही असेच कमी-जास्त होतात. डॅफ्निया लुमहोल्टझीच्या डोक्यावर टोकदार शिरस्त्राण आणि मागे लांब काटा असतो, त्यामुळे लहान माशांना ती गिळायला अवघड जाते. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया इथली ही जात १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या जलाशयांत पोचली आणि तिथे पसरली. काटे मोजून नवी जात सापडल्याचे जाहीर करण्याआधी दोन-तीन महिन्यांचे नमुने ताडून पाहावेत.

काही वेळा जलपिसवा लालसर का दिसतात?

प्राणवायू कमी पडला की मॉइना आणि डॅफ्निया शरीरात हिमोग्लोबिन वाढवतात. लाल मॉइना दिसल्या तर तलावातला प्राणवायू तपासा. मासे वर येऊन तोंड मारू लागण्याआधीच मिळणारी ही सूचना असते.

मासे सोडल्याने या प्राण्यांवर काय परिणाम होतो? आणि जिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिले, केव्हा सोडावे?

मासे मोठ्या प्राण्यांना आधी टिपतात. अमेरिकेत ब्रुक्स आणि डॉडसन यांनी १९६५ मध्ये दाखवले की प्लवक खाणारा मासा आला की मोठ्या जलपिसवा नाहीशा होतात आणि त्यांची जागा लहान जाती घेतात. आपल्याकडे मासे नसलेल्या बोडीतला आणि दाट मत्स्यबीज सोडलेल्या तलावातला एकाच दिवसाचा नमुना शेजारी ठेवला तर हा फरक लगेच दिसतो. कटला तर मोठी झाल्यावरही प्राणिप्लवकांवरच जगते. तिलापिया काही सोडत नाही.

जिऱ्याचा प्रश्न वेळेचा आहे. अंड्यातून निघाल्यावर सुमारे तीन दिवसांत पिलाच्या पोटाखालची पिशवी संपते आणि त्याला बाहेरचे खाणे लागते. तोंड इतके लहान की पहिला घास रोटिफरचाच. पुढे मॉइना. संगोपन तळे शेणखत आणि पेंड टाकून भरले की आधी रोटिफर, मग जलपिसवा, मग सायक्लॉप्स असा क्रम लागतो. जिरे रोटिफर वाढत असताना पडले पाहिजे. उशीर झाला तर प्रौढ सायक्लॉप्स त्या नाजूक पिलांनाच इजा करतात आणि पाणकिडेही वाढलेले असतात. मत्स्य विभागाच्या जुन्या ठोकताळ्याप्रमाणे ५० लिटर पाणी गाळून १ ते २ मिलिलिटर प्लवक खाली बसले तर तळे तयार समजतात. मोजणी करण्याआधी प्लवकाचा रंगही पाहा. हिरवे असेल तर ते बहुतांश शैवाल, तपकिरी-करडे असेल तर प्राणी.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिले, सोडताना एवढी घाई नसते.

हिवाळी बदकांचा यांच्याशी काही संबंध आहे का?

चांगलाच आहे. थापट्या बदकाच्या रुंद चोचीला आतून कंगव्यासारखी झालर असते. तिने पाणी गाळून तो जलपिसवा आणि कोपेपॉड खातो. दुसरीकडे बदकांच्या पोटातून टिकाऊ अंडी जिवंत बाहेर पडतात, पिसांना आणि पायांच्या चिखलाला चिकटूनही जातात. नव्याने खोदलेल्या शेततळ्यात कोणी न टाकता जलपिसवा येतात, त्याचे हे एक कारण. वारा आणि वाहते पाणी ही बाकीची.

सायक्लॉप्समुळे नारू होतो ना? मग तलावाचे पाणी धोक्याचे आहे का?

नारूचा जंत सायक्लॉप्समध्ये वाढत असे. आता भारतात नारू नाही. देशातला शेवटचा रुग्ण राजस्थानात जुलै १९९६ मध्ये आढळला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्याआधी महाराष्ट्र हे नारूच्या राज्यांपैकी एक होते. जुन्या माणसांना ते दुखणे आठवते.

या रोगाचे चक्र ऋतूंना अगदी घट्ट बांधलेले होते. उन्हाळ्यात पायविहिरी आणि तळी आटली की थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होई, आणि लोक त्याच पाण्यात उतरून घागर भरत. रुग्णाच्या पायातून बाहेर येणारी जंताची मादी पाण्यात अळ्या सोडी, सायक्लॉप्स त्या गिळी, सुमारे दोन आठवड्यांत त्या संसर्गक्षम होत. ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरातून जंत बाहेर पडायला साधारण एक वर्ष लागे, म्हणजे पुन्हा तोच ऋतू. फडक्याने पाणी गाळणे, पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा घालणे, हातपंप आणि पाण्यातले सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे औषध, एवढ्यावर हे चक्र तोडले गेले. सार्वजनिक आरोग्यातली ही फार मोठी कामगिरी आहे आणि ती शाळेत शिकवली जायला हवी.

सायक्लॉप्स अर्थातच अजून आहेत, निरोगी आहेत. तरी तलावाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. धोका जिवाणूंचा आहे. आणखी एक बाजू सांगतो : सायक्लॉप्सचा नातलग मेसोसायक्लॉप्स डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या खातो. व्हिएतनाममध्ये गावकऱ्यांनी पाण्याच्या टाक्यांत तो सोडून डेंगूच्या डासांना मोठा आळा घातला.

धानावर फवारलेली औषधे तलावात उतरतात. त्याचा परिणाम?

डॅफ्निया इतकी संवेदनशील आहे की रसायनांची विषारीता ठरवण्यासाठी जगभर तिचीच ४८ तासांची चाचणी वापरतात. पायरेथ्रॉइड आणि ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली बरीच कीटकनाशके लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या मात्रेतही जलपिसवांना मारतात. रोटिफर त्यामानाने चिवट. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या फवारणीनंतर जलपिसवा एकाएकी गायब आणि रोटिफर टिकून, असे चित्र दिसले तर त्याला निव्वळ ऋतूबदल समजू नका. वरच्या बांध्यांत काय फवारले याची चौकशी करा.

ब्रॅकिओनस सापडला म्हणजे पाणी दूषित, असे म्हणता येईल का?

एका नमुन्यावरून नाही. ब्रॅकिओनसच्या अनेक जाती पोषकद्रव्ये जास्त असलेल्या पाण्यात वाढतात हे खरे. पण मे महिन्यातल्या कुठल्याही आटत्या तलावात त्या असणारच. तोच तलाव डिसेंबरात नितळ असतानाही ब्रॅकिओनसने भरलेला असेल, तर सांडपाणी कुठून येते ते शोधायला लागा.

नमुना कसा आणि केव्हा घ्यावा?

२५ नंबरच्या बोल्टिंग सिल्कची जाळी वापरतात. तिची छिद्रे साधारण ६० मायक्रॉनची असतात. मोजलेल्या बादलीने ५० लिटर पाणी हळूहळू जाळीतून ओता. एक नमुना खुल्या पाण्यातला, एक वनस्पतींमधला, दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत. दर वेळी दिवसाची तीच वेळ ठेवा, सकाळी आठ-नऊ ठीक. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना रोटिफरांच्या दृष्टीने फार विरळ. जून-जुलैमध्ये तरी आठवड्याला एक घ्या, बाकी वर्ष पंधरवड्याला चालेल.

आधी जिवंत नमुना पाहा, मगच ४ टक्के फॉर्मॅलिन घाला. रोटिफर फॉर्मॅलिनमध्ये आकसतात आणि ओळखू येत नाहीत. शाळेच्या मुलांना फॉर्मॅलिन देऊ नये, ते जिवंतच पाहून परत तलावात सोडू देत. मोजणीसाठी सेजविक-राफ्टर पट्टी मिळते, तिच्यात बरोबर १ मिलिलिटर पाणी मावते. महाग सूक्ष्मदर्शक नसेल तर मनु प्रकाश यांनी तयार केलेला कागदी फोल्डस्कोपही ब्रॅकिओनस ओळखण्यापुरता चांगला आहे.

वहीत तारीख, पाण्याची खोली, तापमान, सेक्की तबकडी (पाण्याचा नितळपणा मोजायला दोरीने खाली सोडायची चकती) कुठवर दिसली, सांडवा किंवा तूम चालू होते का, शेवटचा मोठा पाऊस कधी झाला, मत्स्यबीज कधी सोडले, एवढे लिहा.

गाळ काढल्याने या प्राण्यांचे नुकसान होते का?

गाळ काढायला माझा विरोध नाही. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ निघतो, शेताला कस मिळतो, तलावाची साठवण वाढते. हे सगळे हवे आहे. मात्र फुटण्याजोगी अंडी मुख्यतः गाळाच्या वरच्या काही सेंटिमीटरांत असतात, आणि पोकलेनचा पहिला घास तोच थर उचलतो. संपूर्ण तळ एकाच उन्हाळ्यात खरवडला तर पुढच्या जूनमध्ये फुटायला फारसे काही उरत नाही. प्राणी पुन्हा येतील, शेजारच्या बोडीतून, बदकांच्या पायांतून, पण त्याला वेळ लागेल आणि जिऱ्याला लागणारे खाणे तोवर कमी पडेल.

उपाय साधा आहे. तळाचे पट्टे पाडा आणि आलटून-पालटून दोन-तीन वर्षांत काम करा. ते शक्य नसेल तर काठच्या पाणवनस्पतींचा एक पट्टा हात न लावता सोडा, वरचा काही सेंटिमीटर जाडीचा थर बाजूला ढीग करून ठेवा आणि खोदकाम संपल्यावर तळावर पसरा. गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या तळावर पेरणी, होत असेल तर तिथल्या जमिनीलाही हेच लागू : नांगरणी खोल करू नका. ग्रामसभेत गाळाच्या ठरावावर चर्चा होईल तेव्हा या दोन ओळी ठरावात लिहून घ्याव्यात, कारण यंत्र आल्यावर सांगून कोणी थांबत नाही.

लोणार सरोवरालाही हेच लागू होते का?

नाही. ते पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, आणि तिथे मोजक्याच जाती टिकतात. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, प्राण्यांमुळे नव्हे.

आमच्या तलावात जलपिसवा कमी आहेत. दुसऱ्या तलावातले पाणी आणून ओतावे का?

ओतू नका. त्या पाण्याबरोबर माशांच्या उवा, माशांना चिकटणारा लर्निया हा परजीवी, परक्या माशांची अंडी आणि जलपर्णीचे तुकडे येतात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत. आपल्याच तलावाच्या काठचा सुका गाळ मूठभर घ्या, पसरट घमेल्यात पावसाच्या पाण्यात भिजवा आणि आठवडाभर उजेडात ठेवा. त्यात जलपिसवा उठल्या तर अंडी शिल्लक आहेत आणि अडचण माशांची, फवारणीची किंवा वनस्पतींची आहे. दोन-तीन जागांचा गाळ भिजवूनही काही उठले नाही, तर शेजारच्या, त्याच ओढ्यावरच्या तलावाचा सुका गाळ अशाच घमेल्यात भिजवा आणि उठलेल्या जलपिसवा गाळणीने वेचून तेवढ्याच सोडा.